तळणीचं उरलेलं तेल

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. चकलीची भाजणी दळून आली होती, सोऱ्या धुऊन-पुसून ठेवला होता, आणि मुलुंडच्या आमच्या घरात ओट्यापाशी तेलावरून जुंपली होती. ओट्याच्या एका टोकाला मुलानं आणलेला रिफाइंड सूर्यफूल तेलाचा पाच लिटरचा कॅन. दुसऱ्या टोकाला सुनेनं घाटकोपरहून मुद्दाम आणलेली लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची बाटली, दामदुप्पट किमतीची.

‘‘आई, रिफाइंड म्हणजे चक्क विष आहे. केमिकल घालून काढतात ते. सगळीकडे हेच सांगतायत,’’ सून म्हणाली.

‘‘बाबांना डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. वीस वर्षं ते हेच खातायत आणि ठणठणीत आहेत,’’ मुलगा म्हणाला.

मग दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे मिठापासून मायक्रोवेव्हपर्यंत घरातल्या प्रत्येक वादात शेवटचा शब्द माझा, असा आमच्याकडे रिवाज आहे. पण माझं लक्ष त्या दोन्ही तेलांकडे नव्हतं. ते होतं शेगडीच्या मागे ठेवलेल्या, गाळणीच्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्याकडे. पंधरा दिवसांपूर्वी पुऱ्या तळल्या होत्या, त्याचं उरलेलं तेल त्यात होतं. झाकण उघडून मी वास घेतला. खवट! त्या तेलाबद्दल मात्र कुणाचीच काही तक्रार नव्हती.

ते भांडं माझ्या सासूबाईंचं. आणि त्यांनी मला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मी अजून द्यायचं आहे.

माझं बालपण घाटकोपरच्या भटवाडीतलं. ‘तेल कुठलं?’ असा प्रश्न आमच्या घरी कुणाला पडल्याचं मला आठवत नाही. तेल म्हणजे गोडेतेल. घासलेट वेगळं, डोक्याचं खोबरेल वेगळं आणि खायचं ते गोडेतेल. वाण्याकडे किटली घेऊन जायचं, तो मापानं ओतून देई. चाळीतल्या कोकणातल्या बिऱ्हाडात मात्र खोबरेलही जेवणात असे. सोलापूरकडची काकू ‘करडईच्या तेलाची चव या तेलाला नाही,’ म्हणून हळहळे, तर नागपूरकडची मावशी जवसाच्या तेलाची आठवण काढी. ज्याच्या शेतात जे पिकलं, ते त्याच्या कढईत. गंमत म्हणजे ‘तेल’ हा शब्दच मुळी तिळावरून आला. आज आपण ज्याला परंपरागत म्हणतो तो शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा. तेव्हा परंपरा म्हणजे काय, हेही जरा बेतानंच सांगावं.

त्या काळात चिंता होती ती तेल मिळण्याची. १९७२ च्या दुष्काळात महागाई भडकली, टंचाई आली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी मुंबईतल्या बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. माझी आई, जी एरवी एकटीनं स्टेशनपर्यंतही जात नसे, तीसुद्धा एकदा थाळी-लाटणं घेऊन मोर्चाला गेली होती. पुढे रेशनवर पामतेल आलं. सरकार ते परदेशातून आणी. थंडीत गोठणारं, वेगळ्याच वासाचं ते तेल पहिल्यांदा नाकं मुरडत आणि मग सवयीनं घरोघरी खाल्लं गेलं. ते हृदयाला चांगलं की वाईट, हे विचारायला सवड कुणाला होती?

१९७९ साली लग्न होऊन मी मुलुंडला आले. सासूबाई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेत. सुरुवात बिल्डिंगमधल्या दोन-चार नोकरदार बायकांपासून झाली. बघता बघता ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतची माणसं डबे घेऊन येऊ लागली. त्यांच्या करंज्या आणि चिरोटे म्हणजे काय सांगू! तोंडात घातले की विरघळत. त्याचं रहस्य त्या कुणाला सांगत नसत. पण मला ठाऊक होतं. मोहन आणि साटा, दोन्ही वनस्पती तुपाचे. साजूक तूप ऑर्डरीला परवडणारं नव्हतं आणि तेलाच्या मोहनाला तो खुसखुशीतपणा येत नसे.

डबा कुठल्याही कंपनीचा असो, आम्ही सगळे त्याला ‘डालडा’च म्हणायचो, इतकं ते नाव मराठीत मुरलं होतं. त्याची कथा मुंबईतलीच. द्रवरूप तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला, तर ते घट्ट होतं. ही युक्ती विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साधली. १९३२ साली शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप तयार होऊ लागलं आणि त्याच दशकात डालडा हे नाव बाजारात आलं. तुपासारखं दिसणारं, तुपासारखं रवाळ, महिनोन् महिने न खवटणारं आणि तुपापेक्षा कितीतरी स्वस्त. मध्यमवर्गाच्या सणांना त्यानं मोठाच हात दिला, हे नाकारून चालणार नाही.

वर्गात मी मुलांना एक प्रयोग दरवर्षी करून दाखवत असे. परीक्षानळीत वितळलेलं तूप घ्यायचं, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून हलवायचं. खालच्या थराला किरमिजी रंग आला, की तुपात वनस्पतीची भेसळ आहे असं समजायचं. हा रंग येतो तिळाच्या तेलामुळे. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती सरकारनं कारखान्यांवर केली होती, ती भेसळ पकडता यावी म्हणूनच. मुलं टाळ्या वाजवत. मीही खुशीत असे. आता वाटतं, इतकी वर्षं तो प्रयोग केला, पण ‘तुपात वनस्पती आहे का?’ या पलीकडे माझी उडी गेली नाही. वनस्पतीत काय आहे, हे ना मुलांनी विचारलं, ना मी. आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच वनस्पतीत मी सासूबाईंना साटा फेसून देत होते.

नाही म्हणायला १९८३ साली एकदा खळबळ माजली. वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ होत असल्याचं प्रकरण देशभर गाजलं. सासूबाईंनी डबा घराबाहेर काढला, ओटा गोमूत्रानं पुसला. दोन महिने घरात वनस्पतीचं नाव नाही. मग दिवाळी आली, ऑर्डरी आल्या आणि नवा डबाही आला. तेव्हाची भीती धर्म बाटण्याची होती, हृदयाची नव्हे.

हृदयाची भीती आली ती जाहिरातींबरोबर. १९८८ च्या सुमारास टीव्हीवर सूर्यफूल तेल आलं, पुऱ्यांवरून कोलांट्या मारणारा गुटगुटीत मुलगा आला. करडईचं तेल तर हृदयाचंच तेल म्हणून विकलं जाऊ लागलं. आमच्या सोलापूरच्या काकूला हे ऐकून केवढा आनंद झाला असता! पुढे धाराच्या जाहिरातीतला तो जिलेबीसाठी घरी परतणारा छोकरा आला. घराघरांत तेल बदललं. आमच्याकडे भाजी-आमटीला सूर्यफूल आलं. मोहनाला मात्र वनस्पतीच राहिलं.

याच काळात, १९९० साली, हॉलंडमधल्या मेन्सिंक आणि काटान या दोघा शास्त्रज्ञांनी ५९ निरोगी स्त्रीपुरुषांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तेल अर्धवट घट्ट करताना त्यातल्या काही स्निग्धाम्लांच्या रेणूंची रचना बदलते. त्यांना ‘ट्रान्स फॅट’ म्हणतात. या ट्रान्स फॅटनं रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि वर चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, असं त्या प्रयोगात दिसलं. लोणी-तूप निदान चांगल्याला धक्का लावत नाही; हे दोन्हीकडून मारतं. पुढच्या अनेक अभ्यासांनी हेच पक्कं केलं. मुलुंडच्या स्वयंपाकघरात मात्र यातलं काही पोहोचलं नव्हतं.

२००३ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी मुलुंड स्टेशनच्या पुलावर यांच्या छातीत कळ आली. वय पन्नास. बरोबरच्या लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले. तिसऱ्या दिवशी मी घरी आंघोळीला आले, तर सासूबाई ओट्यापाशी पाटावर बसलेल्या. समोर कढई घासून पालथी घातलेली. मला म्हणाल्या, ‘‘एक विचारू? खरं सांगशील? माझ्या हातच्या खाण्यानं झालं का गं हे?’’

मी म्हटलं, ‘‘काहीतरीच काय आई! नशिबात होतं, टळलं.’’

विज्ञानाच्या बाईनं दिलेलं उत्तर ते! त्यांनी मान हलवली. पण त्यानंतर फराळाची एकही ऑर्डर घेतली नाही. २००९ साली त्या गेल्या.

यांचा आहार बदलला. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला. तूप बंद, खोबरं बंद, शेंगदाणा बंद. सूर्यफूल किंवा करडईचं तेल चालेल. मी तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि वनस्पतीचा डबा घरातून कायमचा हद्दपार केला. पण सकाळच्या चहाबरोबर यांना खारी लागे. बेकरीतून ताजी, पापुद्रे सुटलेली. ती आम्ही पुढची सात-आठ वर्षं आणत होतो. खारीचे पापुद्रे कशानं सुटतात, हे साटा फेसणाऱ्या हातांना कळायला हवं होतं की नाही? बेकरीत तेव्हा सर्रास वनस्पतीच असे. समोरच्या दारानं घालवलेला डबा मागच्या दारानं रोज सकाळी घरात येत होता आणि आम्ही त्याला पथ्याचं खाणं समजत होतो.

ज्या २००३ साली हे आडवे झाले, त्याच वर्षी डेन्मार्कनं कायदा केला, की खाण्याच्या तेला-चरबीत कारखान्यातलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांहून जास्त असता कामा नये. आपल्याकडे मर्यादा आधी १० टक्के आली, मग ५ टक्के, १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. म्हणजे डेन्मार्क जिथे २००३ ला होतं, तिथे आपण एकोणीस वर्षांनी पोहोचलो. उशिरा का होईना पोहोचलो, ही समाधानाची बाब. आज पुडा घेताना मागची बारीक अक्षरं वाचावीत, ट्रान्स फॅटचा आकडा पाहावा. सुट्या मालावर मात्र अशी अक्षरं नसतात, हे ध्यानात ठेवावं.

आता सुनेच्या ‘विषा’कडे येते, कारण तिची शंका अगदीच निराधार नाही. कारखान्यात बियांमधून तेल काढायला हेक्झेन नावाचं द्रावण वापरतात. ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून तापवून पुन्हा उडवून लावता येतं. मग कच्च्या तेलातला चिकटा काढतात, कॉस्टिक सोड्यानं आम्लता घालवतात, विशिष्ट मातीतून गाळून रंग उतरवतात आणि शेवटी निर्वात टाकीत दोनशे अंशांहून जास्त तापमानाला वाफ सोडून वास घालवतात. ऐकूनच जेवण जाईल, असं हे वर्णन आहे खरं. पण तयार तेलात हेक्झेन किती राहू द्यायचं याला कायद्यानं मर्यादा आहे : दहा लाख भागांत पाच भाग. या सगळ्या खटाटोपात थोडं ‘ई’ जीवनसत्त्व जातं, चव आणि वास जातात, अल्पसं ट्रान्स फॅटही तयार होतं. वनस्पतीतल्या जुन्या प्रमाणापुढे ते अगदी किरकोळ. याला विष म्हणणं म्हणजे शब्द स्वस्त करणं होय.

उलट, त्या सोड्यानं आणि मातीनं एक चांगलं कामही होतं. शेंगदाण्याला ओल लागून बुरशी आली, की तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते यकृताला घातक असतं, आणि हे खरोखरच विष! रिफाइंड करताना ते निघून जातं. घाण्याच्या तेलात दाणे खराब असतील, तर ते राहू शकतं. म्हणून सुनेला मी म्हटलं, घाण्याचं तेल जरूर आण; चवीला त्याची बरोबरी नाही. पण घाणेवाल्याकडे जाऊन दाणे बघ. टपोरे, कोरडे, निवडलेले आहेत का ते पाहा. लाकूड आहे म्हणून भुलू नको.

आणि सुटं तेल तर नकोच. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. हजारो माणसं पाय सुजून आजारी पडली, साठाहून अधिक दगावली. त्यानंतर त्याच वर्षी खाद्यतेल बंद वेष्टनातच विकावं, असा आदेश केंद्र सरकारनं काढला. किटली घेऊन वाण्याकडे जाण्याच्या माझ्या आठवणी गोड आहेत, पण त्या किटलीत काय होतं, हे देवच जाणे.

मग मुलाचं म्हणणं? सूर्यफूल-करडई हृदयाला खरंच तारतात का? इथेही गंमत आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्यांना लोण्याऐवजी करडईचं तेल आणि त्याचं मार्गरिन भरपूर देण्यात आलं. आपली करडई! त्या प्रयोगाची जुनी माहिती शोधून २०१३ साली पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा करडईवाल्यांत मृत्यूचं प्रमाण १७.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के निघालं. यावर गदारोळ झाला. मार्गरिनमध्ये ट्रान्स फॅट असणार, दोष तेलाला कसा देता, असा आक्षेप काहींनी घेतला. २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं सगळे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं, की लोणी-चरबीऐवजी अशी तेलं घेतली, तर हृदयविकार सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. एकूण पुरावा आजही याच बाजूला झुकतो.

या वादातून घरातल्या बाईनं काय घ्यावं? मी एवढंच घेतलं, की घट्ट चरबीच्या ‘ऐवजी’ पातळ तेल हे बरोबर. पण जास्त खाल्लं की जास्त गुण येईल, असं औषध म्हणून तेल नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही एकाच तेलाला चिकटून न राहता तेलं आलटून-पालटून वापरण्याचा आहे. चाळीतली ती चार बिऱ्हाडं एकत्र केली, तर जे होईल तेच!

आणि आता ते स्टीलचं भांडं. तेल पुन्हा पुन्हा तापलं, की त्याचे तुकडे पडतात, काही एकमेकांना चिकटतात. तेल काळपट, चिकट होतं, फेसाळतं, आणि पूर्वीपेक्षा लवकर धुरावतं. या बिघडलेल्या भागाला तंत्रज्ञ ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ म्हणतात. ते २५ टक्क्यांवर गेलं, की ते तेल खाण्याला वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू झाला. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी, उरलेलं तेल बायोडिझेलसाठी द्यावं, अशीही व्यवस्था झाली. अंधेरी किंवा बोरीवली स्टेशनबाहेर वडा तळणाऱ्या गाडीवर हा नियम कोण मोजणार, हा प्रश्न आहेच. पण आपण तरी आपल्या घरातला मोजतो का?

सासूबाई तळणीचं तेल गाळून ठेवत, आणि पुढच्या तळणीला त्यात नवं ओतत. जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत भांडं रिकामं म्हणून होत नसे. तेल फेकणं म्हणजे त्यांच्या पिढीला अन्न फेकण्यासारखं, आणि टंचाई पाहिलेल्या बाईला त्यात वावगं तरी कसं वाटावं? पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक सूचना वाचली, तेव्हा मला बरं वाटलं. तळणीचं तेल गाळून भाजी-आमटीला वापरायला तिची हरकत नाही. फक्त ते एक-दोन दिवसांत संपवावं आणि पुन्हा तळणीला घेऊ नये. म्हणजे सासूबाईंची काटकसर चूक नव्हती, ती लांबली एवढंच.

शेवटी हिशेब. निती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार आपण माणशी वर्षाला १९.७ किलो तेल खातो. दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला तेल-तूप-लोणी मिळून पुरुषास २५ आणि स्त्रीस २० ग्रॅम पुरेत, असं पोषण संस्थेनं २०१० सालीच सांगून ठेवलं होतं. मी घरचा आकडा काढायचं ठरवलं. पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेचार किलोहून थोडं जास्त तेल असतं. आमच्या पाच माणसांना तो तेवीस दिवस पुरत होता. गणित करा : माणशी ४० ग्रॅम. त्यात तूप नाही, लोणी नाही, बाहेरचे सामोसे नाहीत. ‘आम्ही तर काहीच तळकट खात नाही,’ असं सांगणाऱ्या घराचा हा आकडा! आणि लाकडी घाण्याचं असो की कारखान्याचं, एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, त्यात भेदभाव नाही.

आमच्या लहानपणी तळण सणाला होई. संकष्टीला, पाडव्याला, पाहुणे आले तर. आज घाटकोपरच्या खाऊगल्लीत सणाची वाट कोण बघतो? तेल बदलण्याच्या नादात आपलं हे बदललेलं कुणी पाहिलंच नाही. बाटली बदलली की कर्तव्य संपतं आणि पळी तीच राहते.

तर त्या दिवशी ओट्यापाशी मी निकाल दिला. चकल्या शेंगदाणा तेलात तळा, तिखटा-मिठाच्या पुऱ्या सूर्यफुलात. कुणाचंच राज्य नको. मोठी कढई माळ्यावर गेली, लहान कढई आली. तेल कमी, घाणे जास्त, वेळ दीडपट. सून घाणे काढत होती आणि मुलगा सोऱ्या फिरवत होता. भांड्यातलं खवट तेल मी बाटलीत भरून वेगळं काढलं, भांडं घासलं. नात म्हणाली, ‘‘आजी, कॅनवर तारीख लिहू?’’ तेव्हापासून नवा कॅन उघडला, की ती त्यावर मार्करनं तारीख घालते. मागचा कॅन छत्तीस दिवस गेला. म्हणजे माणशी पंचवीस ग्रॅमच्या थोडं वर. अजून तूप आणि बाहेरचं धरायचं आहे. पण वाट सापडली आहे.

हे, म्हणजे ज्यांच्यावरून एवढं रामायण झालं ते, बाहेरून म्हणाले, ‘‘मला कुणी विचारेल का? मला दोन चकल्या हव्यात, कुठल्याही तेलातल्या!’’ दिल्या. दोनच.

आणि सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. आज त्या पाटावर बसल्या असत्या, तर मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं असतं : आई, खरं सांगते. यांचे वडीलही हृदयानंच गेले. हे दिवसाला दहा सिगारेटी ओढत होते, रक्तदाब कधी तपासला नव्हता, आणि दिवसभर खुर्ची. त्या सगळ्यात वनस्पतीचाही वाटा होता, नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तो डबा तुम्ही एकट्यानं उघडला नव्हता. त्यातला साटा मी फेसला होता, खारी मी आणली होती. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी शिकलेली होते, आणि मी विचारलं नव्हतं.

तुमच्या करंज्या मी आता तुपाच्या मोहनानं करते, एकवीसच. चव तुमच्या करंज्यांच्या जवळपासही जात नाही.